ट्रायल्स सायकल जुळवताना आधी प्ले शोधा

ट्रायल्स म्हणजे पाय खाली न टेकवता दगड-अडथळ्यांवरून सायकल नेण्याचा खेळ. ट्रायल्सची सायकल पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, हिचं काम अजून अर्धं राहिलंय. सीट नाही, गिअर नाहीत, हँडल भलतंच पुढे आणि वर, आणि ब्रेक लावला की अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज. मी चिंचवडला एका टूलरूममध्ये फिटिंग शिकले. आता इंग्लंडमध्ये शेफील्डला असते आणि सुट्टीच्या दिवशी जवळच्या पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागातल्या एका जुन्या खाणीत दगडांवर मागच्या चाकाने उड्या मारते. (क्लाइंबिंगचे रूट सोडून. ग्रिटस्टोनवर, म्हणजे इथल्या खरखरीत वालुकाश्मावर, पायडलचा ओरखडा उठला की तो उठलाच.) पुण्या-नाशकाची पोरं विचारतात, ‘ताई, कुठला पार्ट घेऊ?’ दरवेळी वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकते.

टूलरूममध्ये कुठलंही मशीन हातात आलं की आधी बघायचं, प्ले किती आहे. हँडव्हील फिरवायला लागलात आणि टेबल हलायच्या आधी ते जेवढं रिकामं फिरलं, तो प्ले. ट्रायल्सची सायकल मी अगदी याच नजरेने बघते. मागच्या चाकावर उभं राहून ब्रेक सोडायचा, पायडलला लाथ द्यायची, चाक उचलायचं, समोरच्या दगडावर उतरताना पुन्हा ब्रेक धरायचा, हे सगळं अर्ध्या सेकंदाचं काम. बोट किंवा पाय हलल्यापासून चाकाला ते कळेपर्यंत मधे जे रिकामं जातं, त्यावर उडी पोचते की अडकते ते ठरतं. म्हणून पैसे आधी तिथे घाला. फ्रेमचा रंग, कार्बनचा चिमटा (फोर्क), टायटॅनियमचे बोल्ट, हे सगळं नंतर.

चाकाचा आकार

यात फार डोकं खाजवू नका. वीस इंची, ज्याला मॉड म्हणतात, ती छोटी आणि चटकन वळणारी. हिला पुढे २० इंची चाक असतं आणि मागे १९ इंची रिमवर जाड टायर. सव्वीस इंची, म्हणजे स्टॉक, मोठ्या दगडांवर सोपी जाते, कारण मोठं चाक कडेवर चढतं आणि खाचेत कमी अडकतं. यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या स्पर्धांमध्ये याच दोन मापांचे वेगळे गट असतात. चोवीस इंची ही मुख्यतः स्ट्रीटसाठी. २००९ साली स्कॉटलंडच्या स्काय बेटावरच्या डॅनी मॅकअस्किल या ट्रायल्स रायडरचा एडिनबरामधला व्हिडिओ जगभर पाहिला गेला, तेव्हापासून नवशिक्यांना हीच हवी असते. भिंतींवरून फिरायचं, हवेत सायकल वळवायची तर ती घ्या, हिला नावाला का होईना पण सीटही असते. दगडांवर मागच्या चाकाने एकेक उडी शिकायची असेल तर सव्वीस घ्या. उंची पाच फुटांच्या आसपास असेल किंवा घरात लहान मूल शिकणार असेल तर वीस.

सुट्या भागांतून पहिली सायकल बांधायला जाऊ नका. ती महाग पडते आणि काय कशाला बसतं ते कळेपर्यंत वर्ष जातं. जुनी पण पूर्ण सायकल घ्या. मग खाली दिलेल्या क्रमाने एकेक भाग बदला. जुनी घेताना हेड ट्यूब (हँडलखालची नळी) आणि डाउन ट्यूबचा (तिथून पायडलकडे येणारी नळी) सांधा, बीबीच्या (बॉटम ब्रॅकेट, क्रँकच्या मधलं बेअरिंग) आसपासचं वेल्डिंग आणि मागचे ड्रॉपआउट (चाक बसतं त्या खाचा) कापडाने पुसून, उजेडात धरून बघा. अॅल्युमिनियमला केसासारखी चीर दिसली तर किंमत कितीही कमी असो, परत द्या.

मागच्या हबची (चाकाच्या मधल्या भागाची) रुंदीही तेव्हाच मोजून घ्या. मॉडला ती ११६ मिलिमीटर असते. सव्वीसमध्ये जुन्या फ्रेमला १३५, नव्या बऱ्याच फ्रेमला ११६. चुकीचा हब मागवलात तर तो कुठल्याही युक्तीने बसणार नाही.

फ्रीव्हील पुढे असतं

साध्या सायकलला फ्रीव्हील मागच्या चाकावर असतं. ट्रायल्समध्ये ते उजव्या क्रँकवर (पायडलच्या दांड्यावर), आट्यांवर बसवलेलं असतं आणि मागे हबवर फिक्स दातेचक्र. त्यामुळे मागचा हब साधा आणि मजबूत ठेवता येतो, आणि अठरा दात्यांच्या फ्रीव्हीलमध्ये मोठे छर्रे आणि जाड कुत्री (आतल्या रॅचेटच्या दात्यांत अडकणारे खटके) बसवायला जागा मिळते. एक परिणाम लक्षात ठेवा: चाक फिरलं की चेन फिरतेच, पायडल थांबलेलं असलं तरी. सायकल उलटी ठेवून चाक गरगरवत चेन पुसायची सवय असेल तर ती आजच सोडा. बोट दात्यात गेलं तर चेन थांबत नाही.

दात्यांचं गणित सोपं आहे: पुढचे दाते भागिले मागचे, गुणिले चाकाचं माप. उत्तर जितकं मोठं, तितकी सायकल पायाला जड. वीस इंचीला पुढे १८, मागे १२. म्हणजे दीडपट, गुणिले वीस, तीस इंच. सव्वीसला १८ ला १५, म्हणजे १.२ गुणिले सव्वीस, ३१.२ इंच. चोवीसला १८ ला १४ लावलं तर ३०.९. तिन्हींची उत्तरं इतकी जवळ येतात, कारण दगडावरून सुटायला पायाला जो झटका लागतो तो चाकाच्या मापाने बदलत नाही. तुलनेला आपली दूधवाल्याची काळी रोडस्टर घ्या: ४८ ला १८ आणि २८ इंची चाक धरलं तर पंचाहत्तर इंच, म्हणजे अडीचपट जड. बाजारातून यापेक्षा जड रेशो लावलेली सायकल आली तर मागचं दातेचक्र बदला. त्याइतका स्वस्त आणि जाणवणारा बदल दुसरा नाही.

आता खरा खर्च. फ्रीव्हील किती ठिकाणी पकडतं, हे एका फेऱ्यातल्या एंगेजमेंट पॉइंटवर मोजतात. ३६ पॉइंट असतील तर पकड मिळेपर्यंत क्रँक जास्तीत जास्त १० अंश रिकामी फिरते. १७० मिमी क्रँकला पायडलपाशी हे जवळपास ३० मिमी होतात. ७२ पॉइंटला १५ मिमी, १०८ ला १०. तीस मिलिमीटर रिकामे म्हणजे लाथ घालायला घेतलीत आणि पाय आधी हवेतच गेला. ७२ च्या खाली मी कोणालाच सांगत नाही. १०८ घेतलंत तर फरक लगेच कळतो, पण तिथे एक गोम आहे. ३६ दात्यांच्या रॅचेटवर कुत्र्यांच्या जोड्या मागेपुढे लावून तो आकडा गाठलेला असेल, तर एका क्षणी सगळी कुत्री भार घेत नाहीत, थोडीच घेतात. अशा फ्रीव्हीलची निगा राखावी लागते. ते दगडाची धूळ आणि चिखल खातं. आत घट्ट ग्रीस भरलं की कुत्री चिकटतात आणि वेळेवर उठत नाहीत, म्हणून पातळ तेलच घाला. थंडीत तर जास्तच.

फ्रीव्हील निसटणं ही ट्रायल्समधली सगळ्यात वाईट गोष्ट. पूर्ण अंगाचा जोर पायडलवर असताना पकड गेली की नडगी पायडलवर आपटते किंवा छाती स्टेमवर (हँडल धरणाऱ्या दांड्यावर). कडकड असा आवाज येऊन एकदा जरी निसटलं तरी ‘बघू पुढे’ म्हणू नका. आणि आटे जुळतात म्हणून बाजारातलं कुठलंही फ्रीव्हील इथे आवळू नका. सरळ रस्त्यावरच्या पायडलिंगसाठी केलेली कुत्री या झटक्यासाठी नसतात.

बसवायची रीत: क्रँकचे आटे ब्रशने साफ करा, ग्रीस लावा. आधी बॅशरिंग, म्हणजे दगडावर आपटून घ्यायला असलेली कडी, क्रँकवर सरकवा आणि मग फ्रीव्हील हाताने फिरवत बसवा. बॅशरिंग दात्यांच्या संख्येप्रमाणे येते. १८ चं फ्रीव्हील असेल तर १८ चीच मागवा. आटे बारीक असतात, इंचाला चोवीस, त्यामुळे तिरके चढायला वेळ लागत नाही. पहिले दोन-तीन फेरे बोटांनी सहज गेले नाहीत तर काढून पुन्हा लावा. पान्याने जोर केला की आटे गेले, आणि त्याबरोबर अख्खी क्रँक. शेवटचं आवळणं पायडलच करतं. पुढचं चाक भिंतीला टेकवून, मागचा ब्रेक धरून पायडलवर हळूहळू वजन द्या. ते आवळून बसेपर्यंत उडी मारू नका. काढायची वेळ येईल तेव्हा फ्रीव्हीलचा पुलर व्हाइसमध्ये धरून क्रँकच फिरवावी लागते. ग्रीस लावलं नसेल तर त्या दिवशी कळेल.

क्रँकची लांबी सव्वीसला १७०, मॉडला १६० ते १६५ च्या आसपास. बीबी बहुतेक आयसिस स्प्लाइनची, म्हणजे क्रँक खाचांमध्ये अडकून बसते त्या प्रकारची, असते. क्रँक बोल्ट ४० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळा आणि पहिल्या काही राइडनंतर पुन्हा तपासा. ढिल्या क्रँकवर एक दुपार खेळलात तर स्प्लाइनच्या कडा गोल होतात, मग कितीही आवळा, प्ले जात नाही.

चेन जाड, सिंगल-स्पीडची, एक अष्टमांश इंची घ्या. केएमसीची पुष्कळ जण वापरतात, मीही. मागच्या ड्रॉपआउटला गोगलगाईच्या आकाराचे कॅम असतात. दोन्ही बाजूंना सारखे फिरवून चाक मागे ढकला. मधोमध बोटाने दाबल्यावर चेन पाचेक मिलिमीटर हलली पाहिजे. ही तपासणी एकाच जागी करू नका. क्रँक पूर्ण एक फेरा फिरवत चार जागी करा, कारण दातेचक्र कधीच अगदी गोल नसतं. जिथे ती सगळ्यात घट्ट लागेल तिथला ताण धरा. झीज मोजायला पट्टी पुरते: २४ कड्या म्हणजे बरोबर १२ इंच. इंचाच्या सोळाव्या भागाने जास्त भरली की चेन टाका. साध्या सायकलवर लोक त्यापुढेही चालवतात. इथे चेन तुटली तर तोंडावरच पडाल.

ब्रेक

माझा निम्मा वेळ ब्रेकवर जातो आणि तुमचाही जावा. मागचं चाक लॉक करायचं म्हणजे पूर्ण लॉक, पुढे नाही, मागे नाही, एका बोटावर. साध्या सायकलचा ब्रेक वेग कमी करतो, इथे ब्रेक म्हणजे तुमची उभी राहायची जागा.

पुढे डिस्क लावा. मॅगुराची किंवा होपची ट्रायल झोन मिळाली तर उत्तम. मागे मात्र मला अजूनही हायड्रॉलिक रिम ब्रेक, म्हणजे मॅगुरा एचएस३३, पसंत आहे. डिस्क हबपाशी पकडते, मग ताण आऱ्यांमधून रिमपर्यंत जातो आणि त्यात चाक किंचित पिळतं. रिम ब्रेक थेट कडेवर पकडतो. स्पर्धेतले पुष्कळ जण आता मागेही डिस्कच लावतात, वजन वाचतं आणि रिम वाकली तरी चालतं. ते चूक नाहीत. पण घरी स्वतः जुळवणाऱ्याला एचएस३३ समजायला सोपा.

ही सायकल आवाज का करते ते इथे कळेल. रिमची बाजू ग्राइंडरने खरखरीत करतात. टायर-ट्यूब काढा, डोळ्यांवर गॉगल आणि तोंडावर मास्क लावा, चाक सायकलमध्येच ठेवा. अँगल ग्राइंडर चालू करून चकती रिमला जेमतेम टेकवा आणि चाक हळू फिरवायला कोणीतरी जोडीदार घ्या, कारण ग्राइंडरला तुमचे दोन्ही हात लागतात. दाबू नका. कागदावर पेन्सिल ओढावी तसं. सगळीकडे सारख्या तिरक्या रेघा उठल्या पाहिजेत, खड्डा कुठेही नको. रिमची बाजू पातळ असते आणि दरवेळी थोडी जातेच, म्हणून खोल एकदा करण्यापेक्षा हलकं पुन्हा पुन्हा करा. नवी रिम घेताना भिंत जाड आहे का, ते आधी बघा. झाल्यावर बोट फिरवून चाचणी घेऊ नका, कातडी निघते. कापड फिरवा, सगळीकडे सारखं अडकलं तर काम जमलं. रेघा बोथट झाल्या की ब्रेक धरल्यावरही चाक इंचभर सरकायला लागतं. तेव्हा पुन्हा ग्राइंडर काढा. पॅडही ग्राइंड केलेल्या रिमसाठीचेच घ्या, मऊ पॅड चार दिवसांत संपतात.

त्याआधी चाकाचा आउट काढलेला हवा. पॅड आणि रिममध्ये दीड-दोन मिलिमीटर अंतर ठेवायचं असतं. त्यात रिम डोलत असेल तर पॅड घासणार, मग तुम्ही अंतर वाढवणार, आणि लिव्हरमध्ये प्ले येणार. आउट काढणारा चांगला मेकॅनिक जवळ असेल तर त्याच्याशी मैत्री ठेवा.

ब्रेकचे सिलिंडर (रिमच्या दोन बाजूंना पॅड दाबणारे भाग) बसवताना दोन्हींचे बोल्ट अर्धे ढिले ठेवा, लिव्हर ओढून पॅड रिमवर सपाट बसू द्या आणि तसंच दाबून धरून बोल्ट आवळा. पॅड वरून किंवा खालून आधी लागत असेल तर पकड अर्धी. दोन्ही पॅड एकाच वेळी लागायला हवेत. बूस्टर, म्हणजे दोन्ही सिलिंडरना जोडणारी कमान, लावाच. ती नसली तर ब्रेक दाबल्यावर फ्रेमचे दोन पाय बाहेर फाकतात आणि तुमचा जोर तिथे वाया जातो. हाही प्लेच, फक्त दिसत नाही. मित्राला ब्रेक दाबायला सांगून मागून पाहिलंत तर दिसेल.

तेल भरताना, म्हणजे ब्लीड करताना, लिव्हर सगळ्यात उंचावर ठेवा. लिव्हरवरचा पॅड जवळ आणणारा गोल नॉब पूर्ण बाहेर फिरवून ठेवा. सिरिंजने खालच्या सिलिंडरकडून वर ढकला, नळीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक करत राहा म्हणजे बुडबुडे सुटतात. मॅगुरात मिनरल ऑइल. होपच्या डिस्कमध्ये डॉट फ्लुइड. यांची अदलाबदल केलीत तर रबरी सील फुगतात आणि अख्खा ब्रेक जातो. दोन्हींच्या सिरिंजसुद्धा वेगळ्या ठेवा. इथले बरेच जण एचएस३३ मध्ये तेलाऐवजी पाणी भरतात. पाणी पातळ, लिव्हर झटकन परतते. कंपनीला ते मान्य नाही, आणि शेफील्डच्या जानेवारीत पाणी गोठतं, म्हणून अँटीफ्रीझ मिसळावं लागतं. गोठायचा प्रश्न पुण्यात नाही, पण सुरुवात तेलानेच करा.

लिव्हरची जागा: तर्जनीचं टोक लिव्हरच्या शेवटच्या वळणावर यावं इतकी ती ग्रिपपासून आत सरकवा. टोकाला पकडलं की तरफ लांब होते. माझे हात लहान आहेत, त्यामुळे लिव्हर हँडलच्या जवळ आणणारा स्क्रू मी जवळजवळ पूर्ण आत घेतलाय. एवढं केल्यावर पॅड लागायच्या आधी लिव्हर हँडलला टेकत नाही ना, ते बघा. साध्या सायकलपेक्षा लिव्हर आडवी लावा, जमिनीशी तीसेक अंशात. मागच्या चाकावर उभे असता तेव्हा अंग मागे असतं आणि मनगट त्याच कोनात येतं.

हवा, टायर, हँडल

माझं वजन ५८ किलो. मागे २० पीएसआय, पुढे २५. तुम्ही ७५ चे असाल तर दोन्हीकडे तीन-चार वाढवून सुरू करा. आकड्यापेक्षा चाचणी महत्त्वाची. फुटपाथच्या कडेवर मागचं चाक टेकवून पूर्ण वजनाने दोनदा बसा. टायर कडेभोवती गुंडाळला पाहिजे, पण रिम दगडाला लागल्याचा ठण आवाज यायला नको. कडेवर तिरकं उतरल्यावर टायर बाजूला लोळत असेल तर हवा कमी आहे. चाक चेंडूसारखं उसळत असेल तर जास्त. हवा दर राइडला बघा, या दाबाला दोन पीएसआयसुद्धा पायाला कळतात. मागच्या रिमला वजन कमी करायला मोठी भोकं पाडलेली असतात. त्यावर रुंद रिम टेप नीट बसलेली नसेल तर ट्यूब भोकातून फुगून बाहेर येते.

ग्रिटस्टोन खरखरीत, ओला असला तरी बऱ्यापैकी धरतो. सह्याद्रीतला बेसाल्ट पावसाळ्यात शेवाळला की कुठलाही टायर काही करू शकत नाही. जून ते सप्टेंबर लाकडी पॅलेटवर, छपराखाली सराव करा.

स्टेम सव्वीसला साधारण १२० ते १५० मिमी, तीस-पस्तीस अंश चढाचा. हँडल ७२० मिमीच्या आसपास रुंद. मागच्या चाकावर उभं राहिल्यावर हात सरळ आणि हँडल मांड्यांच्या वरच्या भागाशी यायला हवं. छातीकडे येत असेल तर स्टेम फार उंच, आणि ओणवं व्हावं लागत असेल तर फार लांब किंवा खाली. नव्या माणसाने थोडं उंच आणि आखूड ठेवावं, मागच्या चाकावर जायला सोपं पडतं. हँडलचा चढ चिमट्याच्या रेषेत धरून सुरू करा, मग दोन-दोन अंशांनी पुढेमागे करा. ग्रिप पातळ आणि मऊ घ्या. जाड ग्रिपने पुढचा हात लवकर भरून येतो.

हेडसेटचा (हँडल ज्यावर वळतं त्या बेअरिंगचा) प्ले बघायला पुढचा ब्रेक धरून सायकल मागेपुढे हलवा आणि दुसऱ्या हाताची बोटं खालच्या कपावर ठेवा. टकटक लागली तर स्टेमचे बाजूचे बोल्ट ढिले करून वरचा बोल्ट पाव-पाव फेरा आवळा, टकटक गेली की थांबा, मग बाजूचे. क्रम उलटा केला तर वरचा बोल्ट आवळूनही काही होत नाही आणि शेवटी त्याचेच आटे जातात.

महाराष्ट्रात राहून सायकल बांधणाऱ्यांसाठी एवढंच: फ्रीव्हील, क्रँक, मागचा हब आणि ब्रेक बाहेरून मागवावे लागतील, आणि ते एकाच पार्सलमध्ये मागवा. चेन, ट्यूब, केबल टाय, बोल्ट, ग्रीस, आरे कापून आटे पाडून घेणं, आउट काढणं, हे सगळं तुमच्या पेठेत होतं. नडगीचे पॅड फुटबॉलचे चालतात, पण मागची पोटरीही झाकणारे मिळाले तर घ्या. पायडल तिथेही लागतं. हेल्मेट नसेल तर पुढचं वाचूच नका.

नवी सायकल बांधून झाली की पहिली राइड सपाट जमिनीवर, वीस मिनिटांची. घरी येऊन क्रँकचे बोल्ट, स्टेम, मागच्या चाकाचे बोल्ट, ब्रेकच्या सिलिंडरचे बोल्ट, याच क्रमाने पुन्हा पाना फिरवा. ढिला निघालेल्या बोल्टवर मार्करने रेघ मारून ठेवा, बोल्टपासून शेजारच्या धातूपर्यंत. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की तिथे थ्रेडलॉक (बोल्ट ढिला होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा गोंद) लागणार आहे, निळं, लाल नको. लाल लावलं तर उघडताना तापवावं लागतं.